मोटारीतील गाणे, बेताच्या खर्चात

ऊसगळिताचा हंगाम सुरू झाला, की मंचरहून पारगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतात. (जुन्नर तालुक्यातही एक पारगाव आहे, येथे अभिप्रेत आहे ते आंबेगाव तालुक्यातले, दत्तात्रयनगरच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे.) मागे उसाने भरलेले दोन ट्रेलर, पुढे चालकाच्या कानाशी स्पीकरच्या भल्यामोठ्या पेट्या. त्यातून ठेका ऐकू येतो, शब्द मात्र एकही कळत नाही. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी तो चालकापर्यंत पोहोचत नाही.

शहरातील मोटारमालक या प्रकाराला हसतो. परंतु तो स्वतःच्या गाडीत खर्च करतो तेव्हा बहुधा हीच चूक करतो, फक्त काचा बंद करून. मागच्या ट्रेवर अंडाकृती स्पीकरची जोडी, डिकीत बेस ट्यूब आणि खोक्यावर छापलेला हजार वॉटचा आकडा, एवढ्यावर पैसे संपतात. गाणे सुधारलेले नसते, फक्त मोठे झालेले असते.

प्रस्तुत लेखकाने हीच वाट चोखाळली होती. जुन्या छोट्या गाडीत पेठेतल्या एका दुकानातून नवे स्पीकर आणि अँप्लिफायर बसवून घेतला, आणि पुण्याहून पारगावच्या पहिल्याच फेरीत लक्षात आले, की ढोलकीतला घुमारा आधीपेक्षाही कमी झाला आहे. दुकानदाराने आणखी एक मोठी पेटी घेण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात दोष इतकाच होता, की डाव्या दारातील स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. उजव्या स्पीकरचा पडदा पुढे येताना डाव्याचा मागे जाई आणि खालचे स्वर एकमेकांना मारून टाकत. हा दोष शोधण्यास दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. यंत्रापासून सोडवलेल्या तारांना तो क्षणभर टेकवावा. धन बाजू धन तारेला लागली, की पडदा बाहेर आला पाहिजे. चारही स्पीकर असे तपासायला अर्धा तास लागतो. आधी ही तपासणी, मग खरेदी.

वॉटच्या आकड्यांविषयी येथेच स्पष्ट बोलले पाहिजे. डॅशबोर्डमधील यंत्रावर ‘५० गुणिले ४’ असे लिहिलेले असते. ती क्षणिक कमाल मर्यादा होय. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्टचा दाब असतो. त्यावर चालणारे साधे यंत्र ४ ओहमच्या स्पीकरला निर्मळ आवाजात, कागदावरच्या हिशेबानेही, सुमारे २६ वॉटच देऊ शकते. व्यवहारात १८ ते २० मिळाले तरी पुष्कळ. यात नाउमेद होण्यासारखे काही नाही. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून स्पीकर घेताना वॉटऐवजी त्याची संवेदनशीलता पाहावी. ८९ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर दुप्पट शक्तीचा अँप्लिफायर घेतल्याइतकाच फरक पडतो.

समजा, हाताशी दहा हजार रुपये आहेत. त्यातला निम्मा भाग पुढच्या दारांतील साडेसहा इंची जोडीवर खर्च करावा. शक्यतो ट्वीटर वेगळा असलेली जोडी घ्यावी. मागच्या स्पीकरना हात लावू नये. मैफलीत गायक आपल्या पाठीमागे बसत नाही. उरलेल्या पैशांचा मोठा वाटा दारांवर खर्च करावा, आणि हेच ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. मोटारीचे दार म्हणजे स्पीकरची पेटी. पण ती पातळ पत्र्याची आणि भोके असलेली. स्पीकरच्या मागच्या बाजूचा आवाज या भोकांतून आत येतो आणि पुढच्या आवाजातील खर्ज खाऊन टाकतो. आतल्या पत्र्यावरची मोठी भोके बंद करावीत, बाहेरच्या पत्र्याच्या मध्यभागी ब्युटाइल रबराची चिकटपट्टी दाबून बसवावी, आणि स्पीकरखाली एमडीएफ लाकडाची कडी घट्ट आवळावी. कडीला रंग किंवा वॉर्निश अवश्य द्यावे, नाहीतर आपल्या पावसाळ्यात ती फुगते. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची छिद्रे असतात, ती मात्र बुजवू नयेत. पत्रा मध्यभागी झाकला गेला तरी पुरते. संपूर्ण दार मढवण्याचा आग्रह दुकानदाराच्या फायद्याचा.

अँप्लिफायर नंतर, पैसे साठल्यावर घ्यावा. तो बसवताना एका बाबतीत काटकसर करू नये, ती म्हणजे बॅटरीपासून येणारी तार. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्तात मिळते. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका प्रवाह ती पेलत नाही. बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. इंजिनाकडून आत येताना तार जिथे पत्र्याला घासते, तिथे रबरी बुश हवे. आवरण झिजून तार पत्र्याला टेकली आणि मध्ये फ्यूज नसला, तर गाडी पेट घेऊ शकते. वीज नेणारी तार गाडीच्या एका कडेने आणि गाण्याचा संकेत नेणारी दुसऱ्या कडेने न्यावी. अन्यथा इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी गाण्यात मिसळण्याचा संभव असतो. कंपनीच्या तारा कापू नयेत. जोडणीचा तयार कपलर मिळतो, आणि तोडलेल्या तारांमुळे वॉरंटीवरून वाद उद्भवतो.

आता जुळणी. तिला पैसा लागत नाही, आणि खरा फरक तीच घडवते. प्रथम सर्व ‘बूस्ट’ आणि ‘लाउडनेस’ बंद करावेत. त्यानंतर यंत्रातील हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर लावावा. स्वर अर्ध्या कंपनसंख्येवर उतरला, की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. छोट्या स्पीकरला या ओझ्यातून मोकळे केले, की गळा लगेच स्वच्छ होतो. अँप्लिफायरवरील ‘गेन’ हे आवाजाचे बटण नव्हे. यंत्राचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून गेन शून्यापासून हळूहळू वाढवावा आणि स्वर फाटू लागताच थोडा मागे घ्यावा.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे उजवा स्पीकर कानापासून ९० सेंटिमीटरवर, तर डावा १४० वर, असे काहीसे होते. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. यंत्रात सोय असेल, तर उजव्या बाजूला दीड मिलिसेकंदाचा विलंब द्यावा. सोय नसेल तर बॅलन्स किंचित डावीकडे सरकवावा. मग ओळखीचे, ढोलकी आणि एकाच गळ्याचे गाणे लावावे. आवाज दारातून न येता काचेपलीकडे, बॉनेटच्या मध्यावर उभा राहिला, की जुळणी साधली. इक्वलायझरमध्ये वाढवण्यापेक्षा कमी करण्याकडे कल ठेवावा. एखादा पट्टा ६ डेसिबलने चढवला, तर त्या स्वरांसाठी चौपट शक्ती खर्ची पडते. जे बोचते, ते दोन-तीन डेसिबलने उतरवावे.

शेवटची चाचणी मात्र अंगणात होत नाही. चाकांच्या घरघरीत खालचे स्वर बुडतात, म्हणून साठच्या वेगाने महामार्गावर पुन्हा ऐकावे. आणि आवाज किती असावा, याचेही माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास निर्धोक असतो. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. मोबाइलवरील ध्वनिमापक अगदी अचूक नसतो, पण अंदाजाला पुरतो. सोबत कोणी असेल तर त्याला दुसऱ्या गाडीने मागून येऊन एकदा साधा हॉर्न वाजवायला सांगावे. तो ज्या आकड्यावर स्पष्ट ऐकू येतो, त्या आकड्यावर यंत्रातील कमाल आवाजाची मर्यादा कायम करावी. माझ्या गाडीत तो आकडा २२ निघाला. पारगावच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर पुढे असला, की तो १० वर येतो; त्याला आपला हॉर्न ऐकू येणार नाही, तेव्हा निदान त्याचा तरी आपल्याला यावा.