जुनी गाडी, चालती गाडी – भाग ६ : पाटे बदलायचे की बुश?

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात वळणाऱ्या पिकअप जरा मागून बघा. कांदा यार्डात उतरवून परतणारी असो की चादरी-टॉवेलचे गठ्ठे घेऊन निघालेली, दहा-बारा वर्षं झालेली गाडी लगेच ओळखू येते. रिकामी असूनही एका अंगाला झुकलेली, आणि गतिरोधकावरून उतरताना मागून ‘खट’ असा कोरडा आवाज. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “पाटे बसलेत. एक पाटा वाढवून घेतो.” आजचा भाग या एका वाक्याविरुद्ध आहे.

कारण ती खटखट बहुतेक वेळा पाट्यांची नसतेच. मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात, त्यांत बुश असतात. एक टोक चेसिसच्या ब्रॅकेटला पिनेने धरलेलं, दुसरं शॅकलवर झुलणारं. बहुतेक पिकअपमध्ये हे बुश रबराचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या तापाने रबर कडक होतं, चिरतं. त्यात गाडी धुतल्यावर खालून जळकं ऑइल फवारून घ्यायची आपल्याकडे पद्धत. पत्र्याला गंजापासून थोडं संरक्षण मिळतं, पण तेच ऑइल रबर फुगवून भुसभुशीत करतं. डोळ्याजवळ पहार घालून हलकं उचकटून बघा. डोळा पिनेभोवती मोकळा हलला, की दोष सापडला. बुश आणि पिना हा सगळ्या सस्पेन्शनमधला स्वस्त माल आहे. जुन्या गाडीत ते बदलताना हात आखडू नये.

पाटा खरोखर मोडलाच असेल, तर टाकून देण्याआधी तो कुठे मोडला ते नीट बघा. सेंटर बोल्टच्या भोकाशी मोडला असेल, तर पहिला संशय सैल यू बोल्टवर घ्यावा. यू बोल्ट पाट्यांची चळत अ‍ॅक्सलला आवळून धरतात. ते सैल पडले, की मधला भाग वाकायला लागतो आणि भोकाच्या कडेपासून तडा जातो. कधी पाट्याऐवजी सेंटर बोल्टच तुटतो. मग अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. डोळ्याशी मोडला असेल, तर पिन किंवा शॅकल जाम झालं होतं का ते तपासा. कारण तसंच ठेवून नवा पाटा घातला, तर तोही तिथेच मोडेल. मेन पाटा मोडलेली गाडी ‘हळू चालवत घरी नेऊ’ म्हणून हलवू नका. चाक जागेवर धरून ठेवणारा तोच आहे.

नुसते बसलेले पाटे ओळखायला टेप पुरते. सपाट जागा, गाडी रिकामी, दोन्ही टायरांत सारखी हवा; चाकाच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. फरक ठळक असेल, तर पाटे खोलून पाहायला हवेत. थंडेच ठोकून कमान मारून देणारे आहेत. माल भरला, की ती कमान पुन्हा उतरते. भट्टीत तापवून, तेलात विझवून, मग टेम्पर करून देणारा कारागीर असेल तरच त्या कामाला अर्थ आहे, नाहीतर नवा सेट घ्यावा. तोही दोन्ही बाजूंना जोडीने, नाहीतर गाडी नव्या दिशेला झुकेल.

शॉकअपकडे पाटेवाल्या गाडीत फार उशिरा लक्ष जातं. पाटे एकमेकांवर घासून झटका थोडा जिरवतात, त्यामुळे शॉकअप संपल्याचं चालकाला जाणवत नाही. टायरला जाणवतं: हात फिरवला तर खड्डे-उंचवटे लागतात. दांड्यावर तेल ओघळलं असेल, तर शॉकअप जोडीने बदला.

आता तो वाढीव पाटा. त्याने गाडी कडक होते, आरसी बुकावरचं वजन वाढत नाही. जास्तीचा भार चेसिस, बेअरिंग आणि टायर सोसतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार. कांद्याच्या एका खेपेत एवढं सुटतं का, हे ज्याचं त्याला माहीत आहे.

मात्र एक पैसाही घालण्याआधी पाट्यांचे ब्रॅकेट चेसिसला जिथे बसतात ती जागा तारेच्या ब्रशने घासून बघा. तिथे तडा किंवा पोखरलेला गंज असेल, तर आधी चेसिसचा निकाल लावा. दुरुस्त होणार नसेल, तर नवे पाटे त्या गाडीत घालू नका. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीचं पासिंग दरवर्षी असतं. हे काम त्याच्या महिनाभर आधी काढलं, तर घाईत वाटेल ते पार्ट घ्यावे लागत नाहीत.

काम झाल्यावर जुने यू बोल्ट परत लावू देऊ नका. एकदा ताणलेले आटे पुन्हा तशी पकड देत नाहीत. आणि माल भरून चार-पाचशे किलोमीटर झाले, की गाडी पुन्हा त्याच मिस्त्रीकडे नेऊन नटांवर टॉर्क पाना फिरवून घ्या. नवे पाटे तोवर एकमेकांवर बसतात आणि आवळलेले नटही थोडे ढिले पडतात.