लाइट गेली नसती तर...

निजामपुऱ्यात यंत्रमागाच्या कारखान्यांतून हे वाक्य हमखास ऐकू येतं: "लाइट गेली नसती तर ताका पूर्ण झाला असता." आपल्या व्याकरणात हा संकेतार्थ. आता इंग्रजीत सांगा बघू!

बहुतेक जण दोन्हीकडे 'वुड हॅव' लावतात. कारण सरळ आहे: मराठीत अटीतही 'असतं', परिणामातही 'असतं'. इंग्रजी मात्र दोघांना वेगळे कपडे घालते. अटीला 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, परिणामाला 'वुड हॅव' आणि तिसरं रूप. म्हणून, "इफ द पॉवर हॅड नॉट फेल्ड, वी वुड हॅव फिनिश्ड द रोल." आणि हो, आपल्या 'तर'साठी मध्ये 'देन' घालायची बहुधा गरज नसते.

खरी मजा पुढे आहे. अट कालची, परिणाम आजचा असेल तर? "तेव्हा काम शिकलो असतो तर आज मुकादम असतो." इथे 'वुड हॅव बीन' नको, नुसतं 'वुड बी': "इफ आय हॅड लर्न्ड द वर्क, आय वुड बी अ सुपरवायझर नाऊ." शाळेत हा प्रकार घाईत उरकतात, बोलण्यात तर तो रोज लागतो.

आज हुकलेल्या एखाद्या कामावर असं एक वाक्य रचून मोठ्याने म्हणून बघा.