बटणांखालचा उजेड

कीबोर्डच्या बटणांखाली बसणाऱ्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमध्ये तीन मिलीमीटरचा एलईडी मावेल एवढी जागा असते. बटणांखाली दिवे लावण्याचा छंद बराचसा त्या जागेतच वाढला. एलईडीचा लांब पाय धन बाजूचा, हे बघून घ्यायचं, योग्य रेझिस्टर जोडायचा आणि सोल्डर करायचं. रंग मात्र एकदा बसवला की तोच. १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी साधला, तेव्हा कुठे तांबडा, हिरवा आणि निळा एकत्र आणून हवा तो रंग मिळवायची वाट खुली झाली. निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं.

आता अनेक जण डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एलईडी वापरतात. तिन्ही रंग आणि त्यांना सांभाळणारी चिप एकाच डबीत. तारा तीनच: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. पंगतीत प्रसादाचं ताट पुढे सरकावं तसा डेटा सरकतो. पहिला एलईडी आपल्या वाट्याचे २४ बिट घेतो, उरलेले पुढच्याकडे देतो. म्हणूनच डेटाचा एक सांधा कच्चा राहिला की पुढची सगळी रांग बिघडते. पण शोधायला फार लांब जावं लागत नाही; दोष बहुधा पहिल्या विझलेल्या दिव्यात किंवा त्याच्या अगदी आधीच्यात सापडतो.

खरी कसोटी विजेची. पूर्ण पांढऱ्या उजेडाला अशा एका एलईडीला सुमारे ६० मिलीअँपिअर धरावे लागतात. ८७ बटणांचा हिशेब ५.२२ अँपिअरवर जातो, आणि यूएसबी २.० पोर्टची मर्यादा अर्ध्या अँपिअरची. तेव्हा क्यूएमकेसारख्या फर्मवेअरमध्ये आधी तेजाची कमाल मर्यादा घालायची, रंग नंतर निवडायचे. हे न करता केलेली रोषणाई कितीही देखणी असो, मी ते काम अपुरंच मानतो.

सरकत्या इंद्रधनुष्याचंही मला फार कौतुक नाही. टाइप करणाऱ्याला ते काहीच सांगत नाही. प्रत्येक बटणाचा रंग वेगळा ठरवता येतो, तर त्याचा उपयोग इन्स्क्रिप्ट ही देवनागरीची कीबोर्ड-मांडणी शिकण्यासाठी का करू नये? या मांडणीत डाव्या हाताच्या वरच्या दोन अक्षर-ओळींत स्वर आणि मात्रा आहेत, उजव्या हाताला व्यंजनं. स्वरांना केशरी, व्यंजनांना निळा रंग द्या. क, त, प या बटणांवर शिफ्टसह ख, थ, फ उमटतात. शिफ्ट दाबताच तेवढीच बटणं हिरवी होतील, अशी सोय थोड्या कोडने करता येते. बोटांना जागा शिकवण्याचं काम मग उजेडच करतो.

क्यूएमके मुक्त स्रोत आहे, त्यामुळे एकाने केलेली रंगरचना दुसऱ्याला देता येते. ज्यांना हे जमतं, त्यांनी आपली इन्स्क्रिप्टची रचना मराठी टायपिंग शिकणाऱ्या मुलांसाठी जरूर खुली करावी.