घरच्या मोटारीला टायमर

आपला नरखेड तालुका संत्र्याचा. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आधी बागेला लागते, अन् इकडे घरची टाकी भरून वाहत असते. मोटार सुरू करून माणूस शेतात जातो, दुसरे काय! विहीर आटली तर मोटार कोरडी फिरते, सील जळते.

यावर टायमर बसवावा. पण घड्याळाचा नको. बॅटरी नसेल तर वीज गेली की ते थांबते, मागे पडते, आणि मोटार भलत्याच वेळी चालू होते. बटण दाबल्यावर ठरल्या मिनिटांनी बंद करणारा टायमर आम्हाला बरा वाटतो.

आधी टाकी भरायचा वेळ मोजा. मिनिटाला २५ लिटर पडत असेल तर १००० लिटरला ४० मिनिटे. टायमर ३८ वर ठेवा. टायमरला पाणी दिसत नाही, म्हणून विहीर खोल गेली की वेळ पुन्हा मोजा आणि उपसा तुटायच्या आत मोटार बंद होईल असा लावा.

टायमरवरचा १६ अँपिअरचा आकडा बहुधा बल्ब-शेगडीच्या भाराचा असतो. मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, त्याने टायमरचे पॉइंट चिकटतात. म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर घ्या. टायमरने फक्त त्याची कॉइल चालवावी. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरला लावा. जोडणी आणि अर्थिंग मात्र लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.