डोंगराच्या पोटातलं पाणी

पुण्याहून लोणावळा लोकल पकडलीत की देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी ही स्टेशनं ओळीने येतात. इथेच आहे घोरावडेश्वराचा डोंगर. पायऱ्या चढताना धाप लागते, पण वर पोचलात की बघा काय काय आहे ते! कातळात कोरलेली बौद्ध लेणी, एका लेण्यात महादेवाची पिंड आणि चक्क पाण्याची टाकी. नदी राहिली खाली, नळ नाही, पंप नाही. मग इतक्या उंचावर पाणी चढवलं कुणी?

चढवलं कशाला? ते वरूनच आलं, पावसातून.

भिक्खू पावसाळ्यात फिरती बंद ठेवून एकाच जागी राहत. पण पाणी लागणार पावसाळा संपल्यावरही. म्हणून लेण्यांबरोबर टाकीही खोदली जायची. जुन्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. अशा कामांना पैसे कोण देई? राजेच नव्हे हं! इथल्या एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट गावच्या शेतकऱ्याच्या बायकोने, सियगुतनिकेने, मुलगा नंद याच्यासह लेणं दान केल्याची नोंद आहे. मला तर ही बाई फार आवडते.

आता खरी गंमत. दगडातलं पाणी जिरून का जात नाही?

आपला सह्याद्री लाव्ह्याचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असा थरावर थर साचून बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, तयार झाला. त्यातले काही थर इतके घट्ट की त्यांच्यातून पाणी जवळजवळ झिरपतच नाही. काही थरांना मात्र भेगा असतात आणि भेगेतून पाणी पळतं. म्हणजे टाकं कुठे खोदायचं, हे ठरवायला कातळ ओळखता यायला हवा. पाथरवटांकडे ना यंत्र ना नकाशा. छिन्नी, हातोडा आणि अनुभव!

पुष्कळ टाक्यांचं तोंड लहान असतं आणि पोट कातळात आत शिरलेलं. त्यामुळे ऊन आत पोचत नाही, वारा पाण्यावरून फिरत नाही आणि वाफ कमी होते. उजेड कमी, म्हणून शेवाळही कमी.

याच डोंगरावर तुकोबा चिंतनाला येत, असं सांगतात. खाली देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. एवढ्याशा टापूत केवढा इतिहास!

देवस्थानाजवळ पाणी हवंच, असं दूरच्या लोकांनाही वाटतं बरं का. स्कॉटलंडच्या खेड्यांत जुन्या चर्चच्या आसपास पवित्र झरे असतात. मनलॉकी गावच्या झऱ्याभोवती तर लोक आजारपण जावं म्हणून झाडांना चिंध्या बांधतात. तिथलं पाणी जमिनीतून वर येतं, आपलं आभाळातून खाली. श्रद्धा मात्र दोन्हीकडे तितकीच ओली!

टाक्याचं तोंड लहान असलं की वाफ कमी होते, याचं खरं-खोटं घरीच करून बघा. एका ताटलीत आणि एका अरुंद तोंडाच्या बाटलीत सारखंच पाणी मोजून घाला. दोन्ही गच्चीवर शेजारी शेजारी ठेवा, बाटलीला झाकण नको. संध्याकाळी दोन्हींतलं पाणी पुन्हा मोजा. आणि डोंगरावर गेलात तर टाक्याच्या वरच्या कातळात पाणी वळवायला कोरलेली बारीक पन्हळ कुठे दिसते का, ते शोधा. मोठ्यांचा हात धरून आणि काठापासून लांब उभं राहून, बरं!