कोपराच्या उंचीची बाग

बालमित्रांनो, आज आजी-आजोबांजवळ बसून त्यांना एक प्रश्न विचारा. "तुमच्या लहानपणी घरामागे काय काय लावलेलं होतं?"

मग बघा गंमत! मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, आडाजवळची केळ, कुंपणावर चढलेला घेवडा, दारातली तुळस, शेंगांनी लगडलेला शेवगा... एकेक नाव निघत जाईल. आमटी उकळायला लागली की कुणीतरी मागच्या दारी पळत जायचं आणि कढीलिंबाची डहाळी तोडून आणायचं. याला म्हणायचं परसबाग!

आता हेच आजी-आजोबा शहरातल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात. परस नाही, अंगण नाही. आहे ती एक लहानशी गॅलरी. तिच्यात कपडे वाळत घालायची दोरी आणि तुमची जुनी सायकल! शिवाय गुडघे दुखतात, कंबर धरते. पण बागेची हौस काही गुडघ्यांबरोबर म्हातारी होत नाही, बरं का!

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीसाठी घरच्यांनी मोठ्या हौसेने दहा कुंड्या आणल्या. त्या जमिनीवर ओळीने मांडल्या. आजींना वाकता येईना, म्हणून पाणी बाबा घालू लागले, माती दादा उकरू लागला. "आजी, तू नुसती बसून बघ हं!" असं सगळे प्रेमाने सांगायचे. महिन्याभरात आजी गॅलरीत यायच्याच बंद झाल्या. बाग त्यांच्या नावाची, पण त्यांची नव्हतीच ती! पुढे त्या मुलीने चार कुंड्या एका बाकड्यावर चढवल्या आणि शेजारी खुर्ची ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी खुरपं मागत होत्या.

म्हणून मुलांनो, आजी-आजोबांसाठी बाग करायची म्हणजे त्यांचं काम आपण करायचं नाही. त्यांना ते स्वतः करता येईल अशी मांडणी करायची. कशी? एक मोजपट्टी, एक खडू आणि वही-पेन्सिल घ्या.

आधी मोजमाप

आजींना नेहमीच्या खुर्चीवर बसवा. हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. समजा ती २६ इंच आली. कुंडीची वरची कड कोपराच्या दोन इंच खाली हवी, म्हणजे २४ इंचांवर. कुंडी १० इंच उंच असेल तर बाकडं १४ इंच उंचीचं लागेल. झालं की नाही वजाबाकीचं उदाहरण!

मेथी-कोथिंबिरीसाठी पाच-सहा इंच खोल ट्रे पुरतो. तो भक्कम टेबलावर ठेवता येतो. मग खुर्ची पुढे ओढून गुडघे टेबलाखाली जातात आणि कमरेला पीळ पडत नाही. मधे ट्रे, बाजूला कुंड्या. बसल्या जागेवरून हात पोचणार नाही तिथे कुंडी ठेवायची नाही.

मग ऊन

रविवारी सकाळी आठपासून दर दोन तासांनी गॅलरीत जा. ऊन जिथपर्यंत आलं असेल तिथे खडूने रेघ मारा आणि वेळ लिहा. संध्याकाळपर्यंत तुमच्या गॅलरीचा उन्हाचा नकाशा तयार!

हा नकाशा वर्षभर सारखा राहत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला मुंबई-पुण्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. तेव्हा उत्तरेच्या गॅलरीलाही थोडं ऊन मिळतं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नवा नकाशा काढा.

मिरची, टोमॅटो यांना रोज पाच-सहा तास ऊन हवं. मेथी-कोथिंबिरीचं तीन-चार तासांवर भागतं. पुदिना आणि अळू अर्धसावलीतही खूश असतात.

वजनाचं गणित

१२ इंची कुंडी ओल्या मातीने भरली की २० किलोंच्या पुढेच जाते. स्वयंपाकाच्या गॅसचं भरलेलं सिलिंडर साधारण ३० किलोंचं असतं. म्हणजे अशा दोन कुंड्या एका सिलिंडरला भारी! त्या आजोबांनी उचलायच्या नाहीत आणि तुम्हीही नाही. मोठ्यांकडून एकदाच जागेवर ठेवून घ्या.

वजन कमी करायचं तर नुसती माती भरू नका. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाच्या शेंड्यांचा भुसा घ्या. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणून, वाळवून, तुकडे करून तळाशी घातली तरी चालतं. ती हळूहळू कुजतात आणि त्यांचंच खत होतं. कुंडीच्या तळाला भोक हवंच. त्यावर फुटक्या खापरीचा तुकडा ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती राहील.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' या चळवळीतून अनेकांना दाखवून दिलं, की पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांपासून घरीच उत्तम माती बनवता येते. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या भोजनगृहाच्या गच्चीवर २००० नंतरच्या काळात याच विचाराने भाज्या आणि फळझाडं वाढवली गेली. खत होतं स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं!

काय लावायचं?

पहिला मान मेथीचा. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, सकाळी ट्रेमध्ये पसरा आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती घाला. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि चारेक आठवड्यांत भाजी खुडता येते. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन दलं वेगळी करायची. ती उगवायला आठ-दहा दिवस घेते आणि कडक उन्हाळ्यात रुसते. थंडीत मात्र छान येते. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या तर आठवड्याभरात मुळं फुटतात. त्या कुंडीत लावा. मिरचीला धीर लागतो. बी पेरल्यापासून पहिली मिरची हाती यायला अडीच-तीन महिने जातात.

आजोबांना नीट दिसत नसेल तर वासाची झाडं निवडा. तुळस, गवती चहा, ओव्याच्या पानांचं झाड, पुदिना. नुसतं पान चुरगळलं की कळतं, कोणती कुंडी ती. प्रत्येक कुंडीची जागा मात्र ठरलेली हवी.

पाणी आणि काळजी

कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक मरतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज सुट्टी! पाच लिटरची झारी भरली तर पाच किलोंची होते, म्हणून एक लिटरचा जग बरा. खुरप्याची मूठ हातातून निसटत असेल तर तिच्यावर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. दुखऱ्या बोटांना ती धरायला सोपी जाते.

आणखी काही नियम लक्षात ठेवा.

कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासून काढा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.

कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर कुंडी ठेवू नका. पावसाळी वाऱ्याने पडलेली कुंडी खालून जाणाऱ्याच्या डोक्यात बसेल.

गॅलरीची फरशी ओली राहू देऊ नका. आजी घसरल्या तर बाग राहील बाजूला!

बागेचं काम सकाळी कोवळ्या उन्हात किंवा संध्याकाळी पाचनंतर. आजी-आजोबांना मधुमेह असेल तर हातमोजे आणि पायात चपला हव्यातच, कारण त्यांची जखम भरायला वेळ लागतो. काम झालं की सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

कुणी काय करायचं?

कामांची वाटणी आधीच ठरवा. पोतं आणणं, ताटल्या घासणं, फरशी पुसणं हे तुमचं. बी पेरणं, पाणी घालणं, पिवळी पानं खुडणं हे आजी-आजोबांचं. तुम्हाला घाई असली तरी त्यांच्या हातातलं खुरपं ओढून घ्यायचं नाही. त्यांना एक कुंडी करायला अर्धा तास लागला तर लागू दे. तोवर तुम्ही वहीत लिहा. पेरणीची तारीख, कोंब दिसल्याची तारीख आणि आजींनी सांगितलेलं काहीही. मृग नक्षत्रावर त्यांच्या गावाला काय पेरायचे, अळूची कोणती पानं वडीला आणि कोणती फतफत्याला, अळूने घसा खवखवू नये म्हणून त्यात आंबट का घालायचं... हे तुमच्या पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही. ते आजींकडे आहे, आणि मातीत हात घातला की आपोआप बाहेर येतं.

आणि पालकहो, मुलांना आणि आजी-आजोबांना ही गॅलरी मोकळी करून द्या. जुनी सायकल एवीतेवी कुणी चालवत नाहीच!

मग मुलांनो, या रविवारी आधी कोपराची उंची मोजून ठेवा. ट्रे आणि टेबल पुढच्या रविवारी. मेथी उगवली की पहिल्या भाजीचे पराठे करायचे की भाजी, हे मात्र आजीच ठरवतील हं!