मंजुरी कागदावर, माघार रस्त्यावर

पुणे महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले ते २०१६ मध्ये. त्याच वर्षी नगर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतली बससेवा, धावू लागली. धोरणाला आता दहा वर्षे होत असताना येरवडा–विमाननगर पट्ट्यातला तो बीआरटी मार्ग उखडलेला आहे. चालणारे आणि बसने जाणारे यांच्या बाजूने वर्षानुवर्षे भांडलेल्या पुणेकरांना हे जिव्हारी लागले, यात नवल नाही.

सायकलींच्या पुण्याच्या आठवणी पुरेशा लिहून झाल्या आहेत. दुचाक्या आल्या, सायकली मागे पडल्या. १९८२ पासून काम करणारी ‘परिसर’ ही संस्था आणि पुढे ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’सारखे गट सांगत राहिले की, रस्ता फक्त गाड्यांसाठी नसतो. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी सुरू झाली, तिच्या कडेने सायकल मार्गही आखले गेले. सातारा रस्त्यावर त्यांची गत काय झाली? पेव्हर ब्लॉकचा अरुंद पट्टा, मध्येच झाड, पुढे विजेचा डीपी, मग लावलेल्या दुचाक्या. सायकलस्वार मुकाट्याने मुख्य रस्त्यावर उतरला.

खरी आशा वाटली ती २०१६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाला, बसायला बाके आली, मुलांना खेळायला जागा मिळाली. संध्याकाळी आजी-आजोबा तिथे निवांत बसू लागले. औंधच्या डीपी रस्त्यावरही असाच बदल झाला. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहरभरासाठी सायकल आराखडा मंजूर केला आणि भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. नागरिकांनी मागितलेले जवळपास सगळे कागदावर आले होते.

घात केला तो पार्किंगने. औंधमध्ये रुंद फुटपाथला विरोध झाला, कारण दुकानासमोर गाडी लावायची जागा गेली. मार्च २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण महापालिकेच्या मुख्य सभेत आले, तेव्हा ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते आखडले गेले. तिथेही ते नीट राबवले गेले नाही. भाड्याच्या सायकली काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. राजकीय पक्ष कोणताही असो, गाडी लावणाऱ्याला दुखवायची त्याची तयारी नव्हती. नगरसेवकांची मुदत संपल्याने मार्च २०२२ मध्ये प्रशासकांच्या हाती कारभार गेला, पण नगरसेवकांचा दबाव नसतानाही चित्र पालटले नाही.

एवढे होऊनही लोक थांबले नाहीत. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले, तरी प्रशासनाचा पुलांचा सोस सुटलेला नाही. लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, गाड्यांपासून मोकळा होतो. हा दिवस चांगलाच आहे. पण उरलेल्या दिवसांचे काय, हे विचारण्याचा हक्क चालणाऱ्याला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी फुटपाथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ शी जोडला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. तेव्हा घरासमोरचा फुटपाथ टेपने मोजा, फोटो काढा, क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्यायला विसरू नका.